मामूचा आडवा हात

निजामुद्दीन मामू सायकलवर उजवीकडं वळायला लागले की आमच्या रस्त्यावर भांडण ठरलेलं. आता तुम्ही म्हणाल, सायकल वळवण्यात भांडायचं काय? तेच सांगते, जरा दम धरा.

माझं शिलाईचं दुकान गुलमंडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक आरसा, आणि पडद्यामागं ब्लाऊज घालून बघायला बाई कशीबशी उभी राहील एवढी जागा. नवरा वाळूजला कंपनीत जातो. दिवसभर दुकानात मी आणि माझी सासू भागूबाई. रस्त्याच्या पलीकडं, अगदी नाकासमोर, मामूंचं घर. मामू शिलाई मशिनी दुरुस्त करतात. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत पाने-पेचकस असली हत्यारं, तेलाची कुपी आणि दुपारचा डबा. गावातला एकूण एक टेलर त्यांना ओळखतो. माझी मशीन दोनदा मेली होती, दोन्ही वेळा मामूंनीच तिला उठवलं. माणूस लई गुणाचा. पण डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाय.

झालं असं, की मागं एकदा चौकात रस्ता सुरक्षा सप्ताहाचा मांडव पडला. मामू तिथं चहा मिळतोय म्हणून टेकले. माईकवर एक साहेब बोलत होते, की सायकलवाल्यानं सुद्धा वळायच्या आधी हात दाखवावा, लाल दिव्याला थांबावं, पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. मांडवातल्या बाकीच्यांनी चहा पिला, गुलाबाचं फूल घेतलं आणि राँग साईडनं आपापल्या घरी गेले. मामूंनी मात्र सगळं मनावर घेतलं.

तेव्हापासून लाल दिवा लागला की मामू एक पाय टेकवून उभे. मागचे हॉर्न देऊन बेजार.

"चाचा, चलो ना! पोलीस नहीं है!"

"पोलीस नहीं, मगर लाल है ना," मामू मान न वळवता सांगणार. रस्त्यावर एखादी म्हैस आडवी आली तरी ते तिला आधी जाऊ देतात. ती पण पायीच चाललेली असते, असं त्यांचं म्हणणं.

इथपर्यंत ठीक होतं. भानगड केली त्या हातानं. आमच्या गावात रस्त्यावर कुणी हात आडवा केला तर त्याचा अर्थ एकच, शेअरिंगची रिक्षा पाहिजे. सायकलवर बसलेला माणूस रिक्षा कशाला करेल, हा विचार रिक्षावाल्याला नंतर सुचतो. आधी पाय ब्रेकवर जातो. मामू संध्याकाळी घरी परतताना माझ्या दुकानापुढं येतात, घराकडं वळायला उजवा हात खांद्याइतका ताठ आडवा करतात, आणि त्यांच्या मागं तीन रिक्षा कचकन थांबतात. समोरून येणाऱ्यांना पण तो हात दिसतो, ते पण थांबतात.

"स्टेशन? शहागंज? बैठो चाचा!"

"नक्को भई, मैं मुड रहा हूं."

"मुड रहे तो हाथ कायकू दिखाया?"

"मुड रहा हूं इसलियेच दिखाया!"

झालं सुरू. रिक्षांच्या मागं कार, कारच्या मागं टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न माझ्या कानात. गिऱ्हाईक माप सांगतंय का शिव्या देतंय ते कळेना. मी दारातून ओरडायची, "मामू, तो हात खिशात घाला हो एकदाचा!" मामू म्हणायचे, "सरू बेटी, कायदा आहे." कायदा म्हणे! अख्ख्या गावात कायदा पाळायला हा एकच माणूस, आणि तोही माझ्याच दारात.

आता आत्याबाईंचं ऐका. आत्याबाई म्हणजे माझी सासू. मामूंची बायको जाहेदामामी आणि आत्याबाई, दोघींची मैत्री माझ्या लग्नाच्याही आधीची. रोज दुपारी जेवण झालं की आत्याबाई पानाची चंची कमरेला खोचून रस्ता ओलांडायच्या. मामींच्या ओट्यावर दोघी पाय सोडून बसायच्या, एका पानाचे दोन भाग करायच्या आणि एक सुनेची, दुसरी जावयाची सालटी काढायच्या. मला ते इकडून दिसायचं. ऐकू यायचं नाय, एवढाच रस्त्याचा उपकार.

मग एका दुपारी राँग साईडनं एक मोटारसायकलवाला आला. फोन कानाला, मान वाकडी. आत्याबाईंचा पदर हँडलमध्ये अडकला, त्या गरकन फिरल्या आणि भर रस्त्यात बसल्या. लागलं काही नाय. पदर फाटला, तो मी शिवला. पण त्यांच्या मनात जी धास्ती बसली ती काही माझ्या सुईनं शिवली जाईना. त्यांनी रस्ता ओलांडायचं सोडलं. मी हात धरून नेऊन बघितलं, तर चार पावलांवरून त्या मागं फिरल्या.

"सरू, गाड्या उभ्या राहू दे. मग येते मी."

"आत्याबाई, या रस्त्यावर गाड्या कधी उभ्या राहतात का?"

"मग मी पण नाय येत."

झेब्रा पट्टे आहेत म्हणे. मी नवी नवरी होते तेव्हा होते खरे. आता त्यांच्यावर केळीची गाडी उभी असते. आमच्या इथला सिग्नल तर नुसता पिवळा डोळा मिचकावतो. रिक्षा करून बघितली, तर रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, सामने तो है," आणि निघून गेला.

तेव्हापासून आत्याबाईंची दुपार माझ्या दुकानात. आणि दुकानात त्यांचं तोंड बंद राहतंय थोडंच? गिऱ्हाईकानं गळा खोल सांगितला की आत्याबाई स्टुलावरून, "थंडी वाजंल गं बाई." कुणी बाही नको म्हणालं की, "कापड कमी पडलं का?" एक कॉलेजची पोरगी तर कापड परत घेऊन गेली. माझा जीव मेटाकुटीला आला. पण खरं सांगू? रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. गिऱ्हाईक नसलं की त्या समोरच्या ओट्याकडं बघत बसायच्या. पान लावायच्या, त्याचे दोन भाग करायच्या, आणि मग दोन्ही स्वतःच खायच्या.

त्यात जाहेदामामी न्हाणीत घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरनं बजावलं, रोज उठायचं, रोज चालायचं, नाहीतर गुडघा असाच धरून बसंल, मग कायमची खाट. मामी उठायलाच तयार नाहीत. मामूंची मुलगी मुबश्शिरा फुलंब्रीहून येऊन रडून गेली, तरी नाय. माझी मशीन तेल मागत होती म्हणून मामू आले, तेव्हा चाक फिरवता फिरवता त्यांनीच हे सांगितलं.

"म्हणते, कुणासाठी चालू? ओट्यावर जाऊन काय करू? भागू येत नाय." मामूंनी फिरतं चाक थांबवलं. "बेटी, ती खाटेलाच लागली तर मी काय करायचं?"

स्टुलावर आत्याबाईंनी पान लावायला घेतलं होतं, ते तसंच चंचीत परत ठेवलं.

आणि मला सुचलं. रोज संध्याकाळी ज्या हातावरून मी घसा फोडत होते, तोच हात! संध्याकाळी त्याचा उपयोग नव्हता, कारण हेडलाईट डोळ्यावर आले की आत्याबाईंना समोरचं काही दिसत नाय. पण दुपारी?

"मामू, तुमचा हात आडवा झाला की गाड्या थांबतात का नाय?"

"थांबतात. जाहिल, अडाणी लोक आहेत."

"असू द्या जाहिल. तुम्ही रोज दुपारी तुमच्या दारातून सायकल काढा, मधोमध या आणि हात दाखवा. गाड्या थांबल्या की मी आत्याबाईंना पार करते."

मामूंनी पाना खाली ठेवला. "आणि वळू कुठं?"

"वळायचं कशाला? नुसता हात दाखवायचा."

"वळायचं नाय, आणि हात दाखवायचा?" मामू असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगितली. "ते झूठ झालं, सरू बेटी. हात दाखवला म्हणजे जबान दिली."

माझं डोकं फिरलं. "अहो, इथं मोटारसायकलवाले माणसं लोळवतात, आणि तुम्ही हाताला खरं-खोटं लावत बसलात? घरात बायको खाटेला लागली, इथं माझी सासू स्टुलाला लागली, आणि तुम्हाला तुमच्या कायद्याची पडली! जा, पूजा करा त्या हाताची!"

जास्तच बोलले. मामूंनी पिशवी उचलली, तेलाची कुपी माझ्याकडंच विसरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाड्या सरायची वाट बघत लई वेळ उभे होते बिचारे. आत्याबाई मला म्हणाल्या, "तुझ्या जिभेला कात्री लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्लाऊजला हुक-काज करत बसले होते. आत्याबाई अचानक म्हणाल्या, "सरू, ती बघ." समोर मामूंनी खुर्ची दारात आणली होती आणि जाहेदामामींना उचलून तिच्यावर बसवलं होतं. किती दिवसांनी दिसल्या त्या! निम्म्या झाल्या होत्या. भरल्या अंगाची बाई, आता खांद्यावरून ओढणी घसरत होती. त्यांनी इकडं बघितलं आणि हात हलवला. हाक मारली असंल, पण हॉर्नमध्ये गेली.

आत्याबाई उठल्या. चंची कमरेला खोचली आणि पायरी उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी मागं धावले. रस्ता तुडुंब, लग्नसराईची गर्दी. त्यांनी एक पाय पुढं टाकला आणि मागं घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागं. डोळ्यांत पाणी. "नाय होत गं मला," म्हणाल्या. "एवढासा रस्ता, पण नाय होत."

समोर मामू सायकल धरून उभे होते. कामावर निघाले होते, त्यांना सरळ जायचं होतं. त्यांनी बायकोकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं. मग सायकलवर बसले, हळूहळू रस्त्याच्या मधोमध आले, एक पाय टेकवला आणि उजवा हात ताठ आडवा केला.

कच्च! कच्च! इकडच्या रिक्षा थांबल्या, तिकडच्या थांबल्या, त्यांच्या मागचं सगळं लेंढार थांबलं.

"किधर जाना चाचा?"

मामू हलेनात. हात तसाच.

"आत्याबाई, चला!" मी दंड धरला. "उभ्या आहेत सगळ्या! चला!"

त्या चालल्या. गाड्यांकडं बघत, एकेक पाऊल, पण चालल्या. मामूंच्या हातासमोर आल्यावर जरा वाकल्या, देवळाच्या ठेंगण्या दारात वाकावं तशा, आणि पुढं गेल्या. मी नुसती ओरडत होते, "मामू, हात खाली घेऊ नका! मेल्या, हॉर्न कुणाला देतोस, आई नाय का तुला?"

जाहेदामामी खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या. कुणी उठवलं नाय, काय नाय. आपल्या आपण उठल्या आणि दाराबाहेर दोन पावलं आल्या. आत्याबाईंनी त्यांना मिठीच मारली. "अगं सटवे, उठायला काय झालं होतं तुला?" आणि दोघी रडायला लागल्या. मला पण आलंच रडू, लपवू कशाला.

मागं वळून बघते तर रिक्षा निघाल्या होत्या, आणि मामू सायकल घेऊन चक्क माझ्या दुकानाच्या पायरीवर चढत होते. मी परत आले.

"मामू, इकडं कुठं? तुम्हाला तर सरळ जायचं होतं ना?"

"हात दाखवला ना बेटी. आता वळावं लागतं." सायकल आत घेऊन ते आत्याबाईंच्या स्टुलावर बसले. "चहा टाक. चहाला आलो म्हणजे वळायला कारण झालं."

तेव्हापासून मामू रोज दुपारी घरी येतात, जेवतात, आणि माझ्याकडं चहाला म्हणून वळतात. आत्याबाई पलीकडं. मग चहा पिऊन मामू कामाला जातात आणि दिवे लागायच्या आत पुन्हा हात दाखवून घराकडं वळतात, तेव्हा आत्याबाई अलीकडं. रिक्षावाल्यांना आता पाठ झालंय. एखादा नवा असला तर जुनाच त्याला दटावतो, "रुक, अम्मा जा रही."

परवा मात्र कमाल झाली. मामूंनी हात आडवा केला, गाड्या थांबल्या, आत्याबाई इकडून निघाल्या. आणि तिकडून काठी टेकत जाहेदामामी निघाल्या! म्हणे, आज मीच भागूकडं जाणार. ठरलेलं काही नव्हतं. दोघी भर रस्त्यात समोरासमोर आल्या, एकमेकींकडं बघून खो-खो हसल्या, आणि आता कुणी कुणाकडं जायचं यावर तिथंच वाद सुरू केला. वाद मिटेना तशी आत्याबाईंनी चंची सोडली आणि पान लावायला घेतलं. रस्त्यात! मी दारातून बोंबलतेय, "अहो बायांनो, घरी जाऊन खा!" कोण ऐकतंय?

"जल्दी करो रे बाबा," मामू कळवळले. "हाथ दुख रहा!"

हात खरंच दुखत असणार. वय झालंय त्यांचं. पण खाली घेत नव्हते. मी मशीन सोडली, धावत रस्त्यात गेले आणि मामूंच्या कोपराखाली माझे दोन्ही हात लावले. आत्याबाईंनी पानाचे दोन भाग केले, आमच्याकडं बघितलं, आणि अजून दोन केले.