लाइट नसलेल्या दिवसाचे बत्तीस शेरे

प्रशिक्षण संस्थेतले विद्यार्थी त्यांना पाठीमागे टेस्टरसर म्हणत आणि पुढ्यात नुसतं सर. वायरिंगच्या वर्गाला ते एकोणतीस वर्षं एकच गोष्ट शिकवत आले होते. बाकीचा अभ्यासक्रम तिच्याभोवती भरतीला होता. लाइन बंद केली, मेन स्विचला कुलूप लावलं, पाटी टांगली, तरी तारेला हात लावायचा नाही. आधी टेस्टर दुसऱ्या लाइनवरच्या चालू सॉकेटवर लावायचा. दिवा लागला, म्हणजे टेस्टर जिवंत आहे. मग तो बंद लाइनवर लावायचा. दिवा लागला नाही, म्हणजे लाइन मेलेली आहे. आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर, कारण मधल्या अर्ध्या मिनिटात टेस्टरनंच मान टाकली असली तर काय घ्या.

दर वर्षी कुणीतरी कँटीनमध्ये गरम चहात बोट बुडवून, मग पाण्यात, मग पुन्हा चहात बुडवून सरांची नक्कल करायचं. सरांना ते माहीत होतं. नक्कल करणाऱ्याचा क्रम बरोबर आहे ना, एवढंच ते दुरून बघून घेत.

शेऱ्यांचं काम मात्र घरी व्हायचं. प्रात्यक्षिक परीक्षेनंतर प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या नोंदवहीत दोन-तीन ओळी लिहायच्या असत: काय केलं, कसं केलं, काय चुकलं. नोकरी देणारे त्या वाचतात असा संस्थेत समज होता. सरांची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर तिचा आधीपासूनच विश्वास नव्हता. ती हजेरी क्रमांक वाचायची, सर सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. अधूनमधून पेन थांबायचं.

"हे तुम्ही पाहिलंत का?"

सर म्हणायचे, पाहिलं. कधी म्हणायचे, म्हणजे तसं पाहिलं नाही, पण तो पोरगा हुशार आहे, केलंच असेल. मग ती त्या ठिकाणी एक आडवी रेघ मारायची आणि पुढचा क्रमांक वाचायची. या कामाला चार संध्याकाळ लागत. बत्तीस जणांत पाच-सहा रेघा पडत. दुसऱ्या दिवशी सर त्या पाच-सहा जणांना पुन्हा उभं करत आणि मुलं म्हणत, म्हातारा खडूस आहे. खडूस घरी होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. दवाखान्यात नऊ दिवस, आणि संपलं. सरांना रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. ते वेळेवर उठत, डबा भरत, वर्गावर जात. वरच्या मजल्यावर राहणारी मेहुणी एक दिवसाआड डोकावायची. भाऊजी, जेवलात का असं विचारायचं नाही असं ठरवून आलेय, असं म्हणून ती भांड्यांवरून आपलं उत्तर आपणच काढायची.

संस्थेनं सांत्वनाचं पत्र पाठवलं. पत्र उत्तम होतं. तिसऱ्या परिच्छेदात तिच्या मनमिळाऊ स्वभावाचा उल्लेख होता. ती मनमिळाऊ नव्हती. सरांनी कार्यालयातल्या बाईंना विचारलं, इतकं छान कुणी लिहिलं? बाई जराशा ओशाळल्या आणि त्यांनी संगणकावरचा तो मदतनीस दाखवला. काय हवं ते दोन ओळींत सांगायचं, तो पानभर लिहून देतो. सरांनी तिथेच बसून त्याच्याकडून आभाराचं पत्र लिहून घेतलं. तेही उत्तम होतं. दोन्ही पत्रं एकाच फाइलला लागली. यंत्रानं यंत्राचं सांत्वन केलं आणि माणसं आपापल्या कामाला लागली.

यंदाचे शेरे सरांनी त्याच मदतनिसाकडे सोपवले. गुण दिले, नावांची यादी दिली, नमुन्यासाठी गेल्या वर्षीचे शेरे दिले. चार संध्याकाळचं काम पाच मिनिटांत झालं. बत्तीस शेरे, प्रत्येकाची भाषा वेगळी: कुणी आत्मविश्वासानं, कुणी नेटकेपणानं. सरांनी ते वाचले. वाचताना कुठेच अडखळायला झालं नाही. संस्थेनं नुकतंच अशा कागदांसोबत भरून द्यायचं एक घोषणापत्र काढलं होतं. त्यात पहिली चौकट होती, यंत्राची मदत घेतली. दुसरी होती, सर्व मजकूर मी स्वतः तपासला आहे. सरांनी दोन्हींवर खूण केली. ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. मजकूर त्यांनी तपासला होता. मजकुरात काही चूक नव्हती.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मावशी कार्यशाळेत आली. मावशी म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी, वय अडतीस. शाळेच्या बसवर मुलं चढवण्या-उतरवण्याचं काम तिनं अकरा वर्षं केलं होतं आणि वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनाही ती त्याच आवाजात ओळीत उभं करायची. एका मोठ्या रुग्णालयाच्या देखभाल विभागात तिची निवड झाली होती. एक तारखेला प्रमाणपत्र आणि नोंदवही घेऊन हजर व्हायचं होतं. प्रमाणपत्रांसाठी वर्गाची फाइल परीक्षा मंडळाकडे शुक्रवारी जाणार होती. हे सगळं सरांना माहीत होतं. तिच्या शिफारसपत्रावर त्यांचीच सही होती.

तिनं नोंदवही उघडून बोट ठेवलं. शेऱ्यात लिहिलं होतं की प्रशिक्षणार्थीनं चालू सॉकेटवर टेस्टर आधी आणि नंतर शांतपणे तपासून घेतला.

"सर, मला शांतपणे काही करता येत नाही, ते सोडा," ती म्हणाली. "पण त्या दिवशी लाइट कुठे होती?"

सर बोटाकडे बघत राहिले. त्या दिवशी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बदलत होते. दहा ते चार लाइट नव्हती. संस्थेच्या जनरेटरवर फक्त कार्यालय चालायचं, त्यामुळे लाइट गेल्याचं प्राचार्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. कार्यशाळेत सगळं प्रात्यक्षिक मेलेल्या पॅनेलवर झालं. बत्तीस जण ओळीनं आले, मेलेल्या सॉकेटला टेस्टर टेकवून म्हणाले, समजा लागला. आणि सर म्हणाले, समजा. एकोणतीस वर्षांत त्यांनी हा शब्द कधी चालवून घेतला नव्हता. त्या दिवशी चालवून घेतला, कारण पुन्हा तारीख ठरवायची म्हणजे बोलावं लागलं असतं.

नमुन्याच्या शेऱ्यांत चालू सॉकेट होतं, म्हणून मदतनिसानं बत्तीसही जणांना चालू सॉकेट दिलं होतं. त्या बिचाऱ्याला लाइट गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्यानं वाचून खूण केली होती.

मावशी तक्रार करायला आली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, की उद्या रुग्णालयात कुणी म्हणालं, हे करून दाखवा, तर मी केलंय म्हणून सांगू की नाही?

सर म्हणाले, बघतो. ती गेली. सरांना लाज वाटायला हवी होती, असं त्यांना वाटलं. वाटायला हवं इतकंच वाटलं. लाज काही आली नाही.

प्राचार्य भला माणूस होता आणि तीच अडचण होती. त्यांनी सरांना बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, घोषणापत्र भरलंय ना? दोन्ही खुणा आहेत ना? मग कागद पक्का आहे. फाइल परत घेतली तर तारीख चुकेल, बत्तीस पोरांचं नुकसान होईल. आणि तुमच्या वर्गाला ही गोष्ट शिकवलेली नाही असं कोण म्हणेल? तुमचं तर नावच टेस्टरसर आहे. पाठीमागचं नाव समोर आलं म्हणून प्राचार्य थोडे थबकले. सरांना काही वाटलं नाही.

"शेरे वाचतं कोण, सर?" प्राचार्य हळू आवाजात म्हणाले.

"मावशीनं वाचला."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे कळवळून पाहिलं. तुम्ही अजून सावरला नाही आहात, म्हणाले, आठवडाभर रजा घ्या. भिंतीवर संस्थेचं यंत्रवापराचं धोरण चौकटीत लावलेलं होतं. प्रत्येक ठिकाणी अंतिम निर्णय माणसाचाच असेल, असं त्यात ठळक लिहिलं होतं. ते धोरण कुणी लिहिलं हे कार्यालयातल्या बाईंना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मेहुणी कपाट आवरायला आली होती. बहिणीच्या वस्तूंना हात लावायचं ती चार महिने टाळत होती आणि सरांनी विषय काढला नव्हता. आज ती न सांगताच खुर्ची ओढून वरच्या फळीला भिडली. साड्यांच्या मागून वह्यांचा गठ्ठा निघाला. शेऱ्यांच्या कच्च्या वह्या होत्या, दर वर्षाची एक.

"ही काय भानगड आहे, भाऊजी? ताईचं अक्षर आहे आणि मध्येच नुसत्या रेघा."

सरांनी सांगितलं, जे मी पाहिलेलं नसायचं, तिथे ती रेघ मारायची.

मेहुणीनं पानं चाळली. "बऱ्याच आहेत की," ती म्हणाली. "सोडत नव्हती ती कुणाला." मग म्हणाली, एवढ्या रेघा सहन केल्यात म्हणजे तुम्ही पण कमाल आहात. आणि वह्या टेबलावर ठेवून ती दुसऱ्या फळीकडे वळली. सर वही उघडून बसले. रेघ काढताना ती पेन जरा जास्त दाबायची. मागच्या पानावर रेघेचा वण उठलेला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला ते जाणवलं. हे त्यांनी नोंदवून ठेवलं, कारण अलीकडे फारसं काही जाणवत नव्हतं.

बुधवारी सकाळी त्यांनी कार्यालयातून फाइल परत मागून घेतली. रजेचा अर्ज दिला नाही. बत्तीस नोंदवह्यांत त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: पाहिलेलं नाही, लाइट नव्हती. खाली सही. मग वर्गाला सांगितलं, उद्या पुन्हा प्रात्यक्षिक. वर्ग कण्हला. मागून कुणीतरी म्हणालं, समजा दिलं. हसण्याची लाट आली. सरांनी ती ओसरू दिली.

गुरुवारी लाइट होती. एकोणतीस जणांनी तिन्ही वेळा टेस्टर लावला. दोघे आधीचं विसरले. मावशीनं आधी लावला, बंद लाइनवर लावला, टेस्टर खिशात टाकला आणि सरळ तारेला हात घातला. हात घातल्यावर तिचं तिलाच कळलं. ती तशीच थांबली. लाइन मेलेलीच होती. काही झालं नाही. एरवी तिच्या आवाजाला घाबरणारी पोरं आज तिच्याकडे बघत नव्हती.

"घाई केली," मावशी म्हणाली.

"लिहितो," सर म्हणाले.

त्यांनी लिहिलं: नंतर तपासला नाही. स्वतःच्या लक्षात आलं. पुन्हा घ्यावे. कसं लिहू म्हणून ते एकदाही थांबले नाहीत. शब्द होते तेवढेच होते.

पाहिलेलं नसेल तर लगेच पुन्हा घेता यायचं, पण चुकलं तर नियमाप्रमाणे फेरपरीक्षा पंधरा दिवसांनीच होती. एकोणतीस जणांची फाइल शुक्रवारी गेली, तारीख चुकली नाही. सरांनी रुग्णालयाच्या देखभाल विभागाला स्वतः फोन केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, जागा एक तारखेच्या पुढे धरता येत नाही, यादीत पुढचं नाव आहे. सरांनी हे मावशीला जिन्यात सांगितलं. ती म्हणाली, बसवाल्यांकडे विचारते, दोन महिने परत घेतात का. तिनं सरांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं, आणि या वेळी ते नुसतं वाटायला हवं म्हणून वाटलेलं नव्हतं. खाली उतरताना एका पायरीवर ते बसले. त्या पायरीवर कुणीच बसत नाही, कारण ती शौचालयासमोर आहे.

पंधराव्या दिवशी मावशी सकाळी आठला हजर झाली, बसचा निळा कोट घालूनच. तिनं मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पाटी टांगली. टेस्टर चालू सॉकेटवर लावला. दिवा लागला. बंद लाइनवर लावला. लागला नाही. पुन्हा चालू सॉकेटवर लावला, आणि दिवा लागल्यावरही तिनं तो काढला नाही. वळून सरांकडे बघत राहिली, ते बघतायत ना याची खात्री होईपर्यंत.

"पाहिलंत का?" तिनं विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "पाहिलं."

शेरा त्यांनी तिथेच उभ्या उभ्या हातानं लिहिला, दीड ओळीचा. घोषणापत्रात पहिल्या चौकटीवर खूण केली आणि पुढे लिहिलं: फेरपरीक्षेचं वेळापत्रक लावण्यासाठी मदत घेतली. ते मदतनिसानं चांगलं लावलं होतं. दुसऱ्या चौकटीवर खूण करायला पेन नेलं आणि मग वेळापत्रक पुन्हा एकदा वाचलं. मावशीची वेळ साडेआठची होती. ती आठलाच आली होती. त्यांनी साडेआठवर रेघ मारून आठ लिहिलं आणि मग खूण केली.