खिडकीतून टाकलेला रुमाल

बार्शीला बहिणीकडे जाताना मी सोलापूर स्टँडवर नेहमीप्रमाणे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. रुमाल पडला की जागेचा सातबारा आपल्या नावावर, असं मी आयुष्यभर मानत आले. चढून बघते तर तिथं एक कॉलेजची मुलगी बसलेली. रुमाल माझ्या हातात देत तिनं मोबाईल दाखवला. "मावशी, माझं रिझर्वेशन आहे की."

बार्शीपर्यंत मी उभी होते. रागाच्या भरात पायसुद्धा दुखले नाहीत. पोचल्या पोचल्या बहिणीच्या सुनेकडून मोबाईलवर तिकीट काढायला शिकूनच घेतलं. चारदा चुकलं, पाचव्यांदा निघालं.

परतीच्या दिवशी खिडकीजवळची जागा माझ्या नावावर होती. तरी बस लागताच मी आधी खिडकीतून रुमाल टाकला. माझ्यासारखी एखादी बाई आधी चढली असती तर?