आक्कांचं शेवाळ

आक्का सकाळी उठून आधी शेवाळाशी बोलायच्या, मग देवाशी. "आलंस का परत? लाज न्हाई बघ तुला," असं म्हणत काथ्याचा बोळा घेऊन खानावळीमागच्या फरशीवर बसायच्या.

परळ-भोईवाड्यातल्या एका चाळीत तळमजल्यावर त्यांची ही खानावळ. सहावीत शाळा सोडून मी सावंतवाडीकडून गिरणीत आलो, तो पहिल्या दिवसापासून तिथंच जेवलो. मी बदली कामगार. कुणी गैरहजर असेल तरच काम, त्यामुळे कायम धास्ती. ताटावर बसलो तरी नजर दाराकडं. आक्का वाढता वाढता म्हणायच्या, "भाकरीकडं बघ की रे. दार काय पळून जातंय?" त्या भाकऱ्यांवर मी माणसात आलो.

खानावळीमागं, गिरणीच्या भिंतीला लागून चार हात जागा होती. तिथं त्यांनी माहेराहून, निपाणीहून आणलेले अळूचे गड्डे लावले होते. शिवाय एक मोगरा आणि तुळस. याला त्या बाग म्हणायच्या. आम्हीही म्हणायचो, कारण जो हसेल त्याची आमटी पातळ यायची. भिंत बारा महिने पाझरायची आणि फरशीवर शेवाळ धरायचं. राख झाली, चुना झाला, सोडा झाला. मग आक्कांनी विचार केला, आंबट ताकानं तांब्याची कळशी लखलखते, तिथं हे कशाला टिकतंय? रोज उरलेलं ताक त्या फरशीवर ओतू लागल्या. थोड्याच दिवसांत शेवाळ मखमलीसारखं दाट झालं. आक्का बघतच राहिल्या. "अंगी लागलं की गं बया त्याला."

त्याच मखमलीवरून भाडं वसूल करणारे मेहताजी एकदा घसरले. कंबर धरून उठले आणि म्हणाले, "बाई, आता गवंडी आणतो. सगळीकडं सिमेंटचा कोबा. बागबिग बंद."

अळूच्या पानावर हात ठेवून आक्का उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "करा. पर मुदत द्या. संयुक्त महाराष्ट्र झाला की करा."

ते दिवस मोर्चांचे आणि सभांचे होते. तरी मुंबई मिळेल असं मेहताजींना स्वप्नातही वाटत नव्हतं. ते हसले. "मंजूर. म्हणजे कधीच नको, असंच ना?"

"चारचौघांत बोललाय बरं का," आक्का म्हणाल्या.

तेव्हापासून माझी पंचाईत झाली. सभेत 'झालाच पाहिजे' म्हणून हात वर करायचो आणि डोळ्यांपुढं अळू यायचं. आवाज अर्ध्यातच बसायचा. एकदा धीर करून आक्कांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू ओरड रे मोठ्यानं. अळूचं मी बघते."

शेवटी राज्य झालं, मुंबईसकट. चाळीत कंदील लागले, आक्कांनी सगळ्यांना शिरा वाढला. मी माझी वाटी घेऊन मागं अळूपाशी जाऊन बसलो. आणि खरंच, दोन दिवसांनी मेहताजी गवंड्याला घेऊन हजर.

"बाई, झाला तुमचा महाराष्ट्र. आता जागा मोकळी करा."

आक्कांनी पदराला हात पुसले. "मुंबई मिळाली, लई आनंद हाय. पर मी संयुक्त म्हटलं व्हतं. बेळगाव कुठाय? कारवार कुठाय? माझी निपाणी कुठाय?" शेवटच्या नावाला आवाज जरा खाली आला. "ती आणा, मग खुशाल कोबा करा."

गवंडी मेहताजींकडं बघायला लागला. मेहताजी शेवाळाकडं. मग त्यांनी जपून पाऊल टाकत पाट ओढला आणि बसले. "आज अळूची भाजी आहे का?"

पुढं मी गिरणीत कायम झालो, लग्न झालं, खोली मिळाली. आक्का थकल्या तशा निपाणीला भावाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मुंबई सोडताना मला मातीसकट एक गड्डा देऊन म्हणाल्या होत्या, "भिऊ नगंस. हे उगवतंय."

गॅलरीतल्या कुंडीत अळू जेमतेम दोन पानांवर आहे. शेवाळ मात्र काठ ओलांडून फरशीवर आलंय. बायको म्हणते, "अहो, खरवडून टाका ना ते."

मी म्हणतो, "बेळगाव येऊ दे, मग बघू."