एल्डन क्रिचफिल्ड कुऱ्हाड निवडतो

आमच्या गावात शाळेची बस चालवणारा एल्डन क्रिचफिल्ड पन्नाशी उलटल्यावर एकदम सतराशे पंचाहत्तर सालात राहायला गेला, याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मस्किंगम नदीच्या काठची बरीच माणसं सुट्टीच्या दिवशी त्याच सालात सापडतात. मीही त्यातलाच. आठवडाभर लोकांचे केस कापतो आणि रविवारी हरणाच्या कातड्याचे जोडे घालून, हातानं शिवलेला सदरा चढवून, त्या काळातल्या शिपायाचं सोंग घेऊन ओंडक्यांच्या किल्ल्यावर पहारा देतो. जुना किल्ला कधीच कुजून गेला. हा आम्हीच बांधलाय.

आमच्या टोळीचा म्होरक्या बर्ल हडनॉल. एरवी तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण किल्ल्यावर सगळे त्याला कॅप्टन म्हणतात आणि तो ते मनावर घेतो. त्याचा हट्ट एकच. अंगावर जे काही असेल ते त्या काळातलंच हवं, मग ते बटण असो नाहीतर चमचा.

एल्डन अंगानं गोलमटोल. हसायला लागला की आधी पोट हसायचं, मग तोंड. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "रोज सकाळी बसभर पोरांना घराबाहेर काढतो. घरी गेल्यावर जरा शांतता नको?" डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालायचा त्याला कंटाळा होता. म्हणून तो आमच्यात आला.

पहिल्या दिवशी आला तो नवरदेवासारखा सजून. कमरेला पोटावर आडवी खोचलेली पितळी नक्षीची कुऱ्हाड, पात्यामागच्या ठोकायच्या तुंब्याच्या जागी चक्क तंबाखू ओढायची चिलीम. शेजारी हातभर लांब सुरा.

बर्लनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हा सुरा कुठल्या सालातला रे?"

"जुना आहे, कॅप्टन."

"जुना आहे, पण आपल्यापेक्षा पन्नास-साठ वर्षांनी धाकटा आहे. म्हणजे अजून जन्मालाच आलेला नाही. गाडीत ठेवून ये. जन्मला की घेऊन ये, आम्ही बारशाला येऊ."

"आणि कुऱ्हाड?"

"कुऱ्हाड चालेल. अशा कुऱ्हाडी तेव्हा होत्या, मोठ्या लोकांना नजराणा म्हणून देत. बाकी काय ते चालताना तुझं तुलाच कळेल."

ते लगेच कळलं. पहिलंच कुंपण ओलांडायला एल्डन वाकला तशी कुऱ्हाड बरगडीत रुतली आणि दांडा मांडीत. पुढं रानद्राक्षांच्या जाळीतून जाताना पात्याच्या टोकात वेल अडकला. तो सोडवायला हा गोल फिरला तर दुसरा अडकला. आम्ही वळून पाहिलं तर एल्डन वाळत घातलेल्या गोधडीसारखा वेलींवर लटकलेला. आम्ही सोडवायला गेलो खरे, पण हसून हसून कुणाच्या हातात जोर राहिला नव्हता, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता तो स्वतःच. संध्याकाळी तंबूची खुंटी ठोकायला त्यानं कुऱ्हाड उलटी धरली, आणि पहिल्याच घावाला चिलमीचं नाक वाकडं झालं. डुकराचं खारवलेलं मांस कापायला माझी सुरी मागून घेतली.

"ही कुऱ्हाड भिंतीला टांगायची आहे," वाकडी चिलीम न्याहाळत तो म्हणाला. "मला कमरेला लावायची हवी. कुणाकडे जाऊ?"

सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. रोवीना पायाट.

रोवीनाची लोहारशाळा टेकडीपलीकडे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. भाता तिचा, घण तिचा आणि जीभही तिचीच. घोड्यांचे नाल ठोकून पोट भरायची आणि हौसेनं जुन्या पद्धतीच्या कुऱ्हाडी घडवायची. लोखंडाची पट्टी दुमडून दांड्यासाठी नेढं करायचं आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा बसवायचा. मला कात्र्यांना धार लावून घ्यायची होती, म्हणून मीही एल्डनच्या गाडीत बसलो.

"काय करणार आहात तिचं?" तिनं ऐरणीवरून मान वर न करता विचारलं.

"कमरेला लावणार."

"ते झालं मिरवणं. काम काय करणार?"

एल्डननं डोकं खाजवलं. "खुंट्या ठोकीन. कॉफीपुरतं सरपण फोडीन."

"फेकणार नाही? सगळे पुरुष आधी फेकायचंच विचारतात."

"माझा नेम पाहिलात तर तुम्हीच माझ्या हातून काढून घ्याल."

तेव्हा तिनं मान वर केली.

कुऱ्हाड तिनं दाखवलीच नाही. एका टोपलीत तिनं लाकडाच्या खोट्या कुऱ्हाडी करून ठेवल्या होत्या, लहान-मोठ्या, आखूड-लांब दांड्यांच्या. त्यातली एक तिनं त्याच्या पट्ट्यात खोचली, पण पुढं नाही, पाठीशी उजव्या अंगाला, दांडा खाली. "बसा," म्हणाली.

"टोचतोय."

"म्हणजे दांडा लांब झाला. ही घ्या. आता धावा."

"धावू?"

"अस्वल मागं लागलं तर काय त्याला थांबा म्हणणार आहात?"

एल्डन अंगणात धावला. तिच्या कोंबड्या चहूकडे उडाल्या. मग एकेक कुऱ्हाड बदलत तिनं त्याला कुंपणावर चढवलं, ओंडक्याखालून सरपटायला लावलं, पाठीवर लोळवलं. घामाघूम होऊन, केसात पेंढा अडकवून तो उठला तेव्हा एक कुऱ्हाड जागची हललीसुद्धा नव्हती. सगळ्यांत साधी ती. पातं जेमतेम तळहाताएवढं, तुंबा सपाट, नक्षीचं नाव नाही.

"ही तर अगदीच गरीब दिसते हो," एल्डन म्हणाला.

"खुंटीला विचारा गरीब आहे का."

पातं ती घडवणार होती. दांडा मात्र ज्याचा हात त्यानंच तासायचा, असा तिचा दंडक. चिवट हिकरीचं लाकूड तिच्याकडे, दांडा धरून तासायची लाकडी घोडी तिच्याकडे, म्हणून दर शनिवारी तिकडे जाणं आलं. पहिला दांडा एल्डननं इतका बारीक केला की तो कालथ्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्याच्या लाकडाचे तंतू उलटे निघाले आणि तो उभा फाटला. तिसरा बरा जमत होता, तर हा रोवीनाकडं बघत बसला आणि पातळ जागी आणखी पातळ करून ठेवला. माझ्या कात्र्यांना एव्हाना इतकी धार लागली होती की गिऱ्हाइकं खुर्चीत बसायला बिचकायची.

परतताना एकदा मी म्हटलं, "एल्डन, कुऱ्हाड निवडायला इतका वेळ लागत नाही रे. इतका वेळ स्थळ बघायला लागतो."

त्याचे कान लाल झाले. तो नेहमीचं वळण चुकला आणि आम्ही पार पुढच्या गावात जाऊन पोचलो. तीस वर्षं बस चालवणारा माणूस!

शेवटी दांडा जमला. रोवीनानं पातं बसवलं, पाचर ठोकली, चामड्याचं टोपण चढवलं. "झाली तुमची कुऱ्हाड. आता पुढच्या शनिवारी काय निमित्त काढणार?"

एल्डन गोंधळला. मग म्हणाला, "सुरी राहिली ना."

"अगं बाई! सुरी राहिलीच की," ती इतक्या खोट्या काळजीनं म्हणाली की मला उठून बाहेर कोंबड्या बघायला जावं लागलं.

सुरीच्या वेळी तिनं फळीवर मांस, सफरचंद, मक्याची भाकरी आणि दोरखंडाचा तुकडा मांडला, आणि चार-पाच पाती त्याच्या हातात दिली. जाड पात्यानं भाकरीचा भुगा झाला. टोकदार निमुळत्यानं दोर तुटेना. जमली ती पातळ पात्याची, मेपलच्या मुठीची, सरळसोट.

"ही तर आमच्या आईच्या स्वयंपाकघरातली सुरी!"

"मग? रानात गेली म्हणून सुरीला शिंगं फुटतात का?"

सप्टेंबरात नदीकाठची पॉपॉची फळं पिकून मऊ झाली, आणि आम्ही होड्या घेऊन दोन दिवसांच्या फेरीला निघालो. त्या वेळी रोवीना पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली, एल्डनच्या होडीत. वरच्या अंगाला पाऊस झाल्यानं पाण्याला ओढ होती. बर्ल पुढं, एकटा, हिवाळाभर स्वतःच्या हातानं शिवलेला लोकरीचा लांब कोट घालून. वळणावर सिकॅमोरचं एक मोठं झाड नदीत आडवं पडलं होतं. बर्लची होडी त्यावर आदळली, कलंडली आणि खालून निघून गेली. बर्ल मागं राहिला. कोट एका मोडक्या फांदीत अडकलेला, पाणी छातीपर्यंत आणि ओढ त्याला खोडाखाली खेचत होती. आम्ही बाकीचे पलीकडच्या काठाला होतो. हाका मारण्यापलीकडं आमच्या हातात काही नव्हतं.

एल्डननं होडी काठाला लावली आणि तो खोडावर पोटानं सरपटत निघाला. रोवीना त्याच्या मागं, त्याचा पट्टा मुठीत धरून. वाटेत फांद्यांची दाटी. त्यानं पाठीशी हात नेला, कुऱ्हाड काढली आणि पडल्यापडल्याच एका हातानं सपासप फांद्या उडवल्या. मग कुऱ्हाड मागं रोवीनाच्या हातात देऊन सुरी काढली.

"कापू नकोस!" बर्ल ओरडला. "बटणं काढ! हाडाची आहेत!"

"कोट हवा की कॅप्टन हवा?" एल्डननं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत उभा चिरला. बर्ल सुटला तसा त्यानं त्याची मानगूट धरली, रोवीनानं पट्टा ओढला, आणि तिघंही खोडावरून काठाच्या चिखलात येऊन पडले.

आम्ही नदी ओलांडून पोचलो. बर्ल पांढराफटक पडला होता. त्यानं एल्डनच्या हातातली सुरी घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "सुरी मात्र त्या काळातली आहे हं." आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. बर्ल तर हसता हसता रडायलाच लागला, आणि एल्डनला मिठी मारून बसला.

जाळ केला, कपडे वाळत घातले. मी कॉफीचं भांडं घेऊन गेलो तेव्हा रोवीना एल्डनचे हात आपल्या हातात धरून बसली होती.

"अरे, कान किती लाल झालेत तुझे."

"पाणी गार होतं."

"गार पाण्यानं कान लाल होतात होय?"

एल्डननं पाण्याकडं बघितलं, जाळाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "रोवीना, कुऱ्हाड झाली, सुरी झाली. आता शनिवारी यायला मला काहीच निमित्त उरलं नाही गं."

"निमित्त कशाला लागतंय? शनिवारी ये आणि परत जाऊच नकोस."

कॉफी तिथंच ठेवून मी गुपचूप मागं फिरलो आणि बाकीच्यांना सांगितलं. गुपित पोटात ठेवणं न्हाव्याला कुठून जमणार?

मे महिन्यात किल्ल्यावरच लग्न लागलं. पाद्रीबुवांनी ताकीद दिली होती की शस्त्रं बाहेर, म्हणून ओसरीवर कुऱ्हाडी-सुऱ्यांचा ढीग पडला, आणि नवरीची हातोडीही त्यातच होती. विधी अर्ध्यावर आला असताना बाहेर कर्णा वाजला. एल्डनची पिवळी बस! बदली ड्रायव्हर पोरांना आणि त्यांच्या आयाबापांना भरभरून घेऊन आला होता. सतराशे पंचाहत्तर सालात बस आणली म्हणून बर्ल काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तो पळत जाऊन पोरांना उतरवून घेऊ लागला. मग सारंगी वाजली, भट्टीतून हरणाचं मांस आलं, सफरचंदाच्या पाईंनी आख्खं टेबल भरलं. बसमधली धीट पोरं एल्डनला ओढून नाचायला घेऊन गेली. नाचताना त्याचं पोट आधी नाचत होतं. रोवीना टाळ्या पिटत ओरडत होती, "अरे, पाय पण उचल की!"