टेपखाली झाकलेले उणे दोन

टेम्पोतून पियानो उतरत होता आणि मी लांब उभी राहून बघत होते. भंडाऱ्यात खरा पियानो येणं ही बातमीच, त्यामुळे कॉलेजच्या हॉलसमोर ऑटोवाले थांबून बघत होते. सहा जणांनी दोरखंड लावून तो स्टेजवर चढवला. नागपूरहून आलेल्या ट्यूनरने झाकण उघडलं. काळ्यापांढऱ्या पट्ट्या, बाकी काही नाही. एकही बटण नाही. आता हे मला त्या दिवशी कळलं असं थोडंच आहे? तीस वर्षं खऱ्या पियानोबरोबर गायले आहे. पण गेला महिनाभर मी ते सोयीने विसरले होते.

आधी धंदा सांगते. मी सोप्रानो. पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यात बाईच्या आवाजाचा सगळ्यात उंच पल्ला तो सोप्रानो. माइक नसतो, गळ्याने हॉल भरायचा असतो. मुंबईत शिकले, तिथेच बरीच वर्षं गायले, तीनचारदा परदेशातही गायले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भंडाऱ्याला परतले, ती इथलीच झाले. समोरच्या खोलीत क्लास घेते आणि गाणी रचते. गल्लीत मला ‘आ-आ वाली मॅडम’ म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, सकाळी सहापासून तेच ऐकतात बिचारे.

‘रोवणा’ ही माझी चार गाण्यांची रचना. बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोपं लावायच्या कामाला आमच्याकडे रोवणा म्हणतात. शब्द आमच्याच बोलीतले, साथीला फक्त पियानो. शेवटच्या गाण्यात एक बाई पलीकडच्या बांधीतल्या जावेला हाक मारते आणि ती हाक वरच्या ‘सी’वर जाते. हा सूर म्हणजे सोप्रानोची परीक्षा. तो मी माझ्यासाठी लिहिला होता. लिहिला तेव्हा लागतही होता.

चौपन्नाव्या वर्षी लागेना. रोज सकाळी लावून बघायचे, रोज घशात अडकायचा. गाणं खालच्या सुरात घेण्यात पाप नाही, मोठमोठे घेतात. माझ्या क्लासमधल्या विजेच्या कीबोर्डवर त्यासाठी ट्रान्सपोजचं बटण असतं. बोटं तिथेच ठेवायची, सूर आपोआप खाली येतो. मी ते उणे दोनवर ठेवलं, म्हणजे सगळं गाणं दोन पट्ट्या खाली. तिथे माझा गळा पोचत होता. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरात ‘-2’ दिसायचं. ते विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून वायरीला लावतात ती काळी टेप मी त्यावर चिकटवली. आमच्या उन्हाळ्यात दारावरचा गणपतीचा स्टिकरसुद्धा सुटून खाली पडतो. ही टेप मात्र दोन उन्हाळे जागची हलली नाही. मला कंपनीचं कौतुक वाटायचं.

मग खानझोडे सर आले. नागपूरच्या एका संगीत मंडळाचे संयोजक. ‘रोवणा’चा पहिला कार्यक्रम भंडाऱ्यातच करायचा, खरा पियानो आणायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मी गाऊन दाखवलं. ते म्हणाले, छान. मग मी पल्लवीला म्हणायला सांगितलं, उगाच, त्यांचा चहा संपेपर्यंत. पल्लवी वरठीची. बाप स्टील प्लांटमध्ये क्रेनवर, पोरगी बावीस वर्षांची, पाच वर्षांपासून माझ्याकडे शिकत होती. ती गायला लागली आणि सरांनी कप खाली ठेवला.

“मॅडम, रचना तुमचीच,” ते म्हणाले. “पण गाऊ द्या हिले. पुण्याच्या म्युझिक कॉलेजच्या बाई ऐकायला येऊन राहिल्या. तिथं ॲडमिशन भेटली तं पोरीचं भलं होईल.”

मी म्हणाले, अगदी माझ्या मनातलं बोललात.

कसलं मनातलं! मी जळले. सरळ सांगते, आता लपवून काय करू? माझं गाणं, माझा सी, आणि टाळ्या त्या पोरीला. मी तीस वर्षं लोणचं, दही, आइस्क्रीम तोंडात घातलं नाही. ही वरठीच्या फाटकावर मिरचीभजे खाऊन यायची, बोटं ओढणीला पुसायची, आणि तिचा सूर जागच्या जागी. तिच्या स्कूटीचा हॉर्न वाजला तरी माझं डोकं उठायचं. महिनाभर मी तिच्या चुका काढल्या. तोंड वाकडं होतं, श्वास ऐकू येतो, खांदे उचलतेस. ती प्रत्येक वेळी हो मॅडम म्हणून परत गायची. त्याचाही राग यायचा.

आणि त्या महिनाभरात मी तिला उणे दोनबद्दल सांगितलं नाही. विसरले नव्हते. कागदावर लिहिलेलं गाणं आपण म्हणतो त्याच्या दोन पट्ट्या वर आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. रोज उद्यावर ढकललं. मग पियानो आला.

पियानोवर अल्बर्ट सर होते, तेही नागपूरचे. सकाळी तासभर रिहर्सल. रिहर्सलमध्ये गायक वरचे सूर पूर्ण जोर लावून म्हणत नाहीत, हलकेच खालून म्हणतात. त्याला मार्किंग म्हणतात, गळा संध्याकाळसाठी राखायचा असतो. मी पल्लवीला मार्किंग करायला सांगितलं. नियमच होता आणि माझ्या सोयीचाही होता. पियानो वाजायला लागला, दोन पट्ट्या वर. मी तिचा चेहरा बघत होते. भुवईसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे हिला कान नाहीच. आणि मला बरं वाटलं, बाप्पा. स्वतःच्या विद्यार्थिनीला कान नाही म्हणून बरं वाटलं.

संध्याकाळी सहाला हॉल भरला. पल्लवीचे आईबाबा दुसऱ्या रांगेत, बाबांनी हाफ डे टाकला होता. पुण्याच्या बाई वही घेऊन पुढे बसलेल्या. विंगेत पल्लवीने माझ्या पाया पडून घेतलं. तेव्हाही वेळ होती. अल्बर्ट सरांना दोन पट्ट्या खाली घ्या म्हटलं असतं तर त्यांनी न बघता घेतलं असतं. इथे सूर फाटला की पुणं गेलं, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, “जा, पाणी पिऊन घे.”

पहिली तीन गाणी झाली. चौथ्यात ती हाक आली. मी विंगेतला पडदा मुठीत धरला होता. पल्लवीने हाक मारली आणि सूर सीवर गेला. अख्खा, मोकळा, आणि तिथेच थांबला. मी लिहिताना जसा ऐकला होता तसा. माझ्या गळ्यातून तो इतका चांगला कधीच निघाला नव्हता. पुण्याच्या बाईंचं पेन थांबलं. खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. लाज नंतर आली.

मागच्या खोलीत ती केसांतल्या पिना काढत होती. मी दार लावून घेतलं.

“सूर वर होता. तुले कळलं?”

“हो मॅडम. आपल्या कीबोर्डवर दोन खाली राहते न.”

“कोणी सांगितलं?”

“कागदावर सी लिहून आहे. मोबाइलवर सी वाजवून पाहिलं तं आपल्या कीबोर्डचा वेगळाच सूर येऊन राहिला होता. मंग मी क्लासच्या आधी नदीवर जाऊन, कारध्याच्या पुलाखाली, बरोबर सुरात म्हणत होती. रोजच.”

“मंग मले काहून नाही बोलली?”

तिने पिना मोजून डबीत टाकल्या. मग खाली बघूनच म्हणाली, “तुमी टेप लावून होत्या न. मले वाटलं, तुमाले सांगाचं नसन.” डबीचं झाकण लावत म्हणाली, “उन्हाळ्यात निघून जाये ते टेप. मंग मीच नवी लावून देत होती.”

मी खुर्चीवर बसले. बाहेर तिचे बाबा दार वाजवत होते, पुण्याच्या बाई बोलावत आहेत म्हणून.

पल्लवी आता पुण्याला आहे. ‘रोवणा’ तिथेही गायली. कीबोर्डवरची टेप मी काढून टाकली. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशीच पडदा दाखवते आणि सांगते, हे उणे दोन माझं, तुझं शून्य. धंद्यातल्या माणसासाठी एवढंच सांगते, की शिकवताना आपण काय झाकतो ते शेजारी बसलेल्याला दिसत असतं. पल्लवीचा फोन येतो, अमुक ठिकाणी गायले म्हणते, तेव्हा पोटात अजून दुखतं. तेही आता मी तिला सांगून टाकते.