शेऱ्याच्या रकान्यातले सोडे

…तर कमळाकरने नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि म्हातारीने पहिला प्रश्न काय विचारावा? "ते रावदे बाबा. त्या पोरीला सोडे आवडले का?"

काल आपण इथवर आलो होतो. ज्यांनी कालचं ऐकलं नाही त्यांचं काही बिघडलं नाही, कारण खरी गंमत इथूनच सुरू होते. फक्त माणसं ओळखून घ्या.

कमळाकर हा पनवेलच्या एका कॉलेजातला शिपाई. गाव नेरे, डोंगराखालचं. भाताच्या खाचरात वाढलेला, त्यामुळे समुद्राशी नातं बाजाराच्या पिशवीपुरतं. कॉलेजात सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी शिस्त समितीच्या खोलीबाहेर स्टुलावर गेली. आत काय चालतं याचं त्याला भारी कुतूहल. छाती काढून आत गेलेलं पोरगं बाहेर येताना चपलांकडे बघत येतं, आणि रडत गेलेली पोर कधीकधी हसत येते, ते कसं काय?

लोकांना वाटतं, प्राचार्यांनी बोलावलं, चार शब्द झापलं, संपलं. अहो, तसं नसतं! आधी तक्रार लेखी लागते, खाली सही लागते. ऑफिसातल्या शशिकलाबाई तिच्यावर शिक्का मारून आवक नंबर टाकतात. मग समितीच्या अध्यक्ष अरुंधती मॅडम ती वाचतात, आणि ज्याच्यावर आरोप त्याला तक्रारीच्या नकलेसकट नोटीस जाते. सात दिवसांत लेखी उत्तर दे, अमुक तारखेला हजर राहा, हवं तर घरचं माणूस आण. दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐकतात, लिहून घेतात, लिहिलेलं त्यांनाच वाचायला देतात आणि मग सही. निकाल पटला नाही तर प्राचार्यांकडे दाद मागता येते. कमळाकर म्हणायचा, आमच्या गावच्या बैठकीत एवढा धीर असता तर निम्मी भावकी अजून एकमेकांच्या लग्नाला गेली असती.

ही नोटीस पूर्वी पोस्टाने जायची. एकदा एका मुलीच्या बापाने लिफाफ्यावरचा शिक्का बघितला, काहीतरी मोलाचा कागद आहे असं समजला आणि देवाच्या तसबिरीमागे नीट जपून ठेवला. तारीख उलटली, पोर आलीच नाही, निकाल तिच्या माघारी लागला. तेव्हापासून कमळाकरने आपली पद्धत पाडली. नोटीस स्वतः घरी न्यायची, ओटीवर बसून मोठ्याने वाचायची, मग आपल्या भाषेत सांगायची, आणि पोचवहीवर सही किंवा अंगठा घ्यायचा. पोचवहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात सगळे जण एकच शब्द लिहितात, "मिळाली".

आता हे प्रकरण. अनुया ही तिसऱ्या वर्षाची मुलगी, खांदा कॉलनीत राहणारी. वडील सत्यजीतराव पुण्याहून बदली होऊन आलेले, घर पक्कं शाकाहारी. एका सोमवारी तिने प्रयोगशाळेत बॅग उघडली आणि आतून असा वास सुटला की मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली. वहीखाली वर्तमानपत्रात बांधलेली पुडी, पुडीत सोडे. सोललेली, उन्हात खडखडीत वाळवलेली कोळंबी. वर्ग हसला. दुपारपर्यंत तिचं नाव 'सुकट' पडलं, आणि पुढचे दहा दिवस ती जिथून जाई तिथे कोणी ना कोणी नाक धरी. पोरीने शेवटी तक्रार दिली. बरोबरच केलं तिने. पुडी ठेवताना एकाने पाहिलं होतं गव्हाणच्या प्रितेशला.

प्रितेश म्हणजे मच्छीमाराचं पोरगं, कमी बोलणारं. बंदरावरच्या एका कंपनीत प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती, पण कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला स्वच्छ पाहिजे. गैरवर्तनाची एक ओळ त्यावर आली की ती जागा दुसऱ्याची. घरात पगार आणणारा तोच पहिला होणार होता.

आणि पुडी? ती पुरावा म्हणून ऑफिसच्या तीन नंबरच्या कपाटात सीलबंद. शशिकलाबाई पदर नाकाला लावून काम करायच्या, आणि कॉलेजचं मांजर त्या कपाटाशी नेमून दिलेल्या पहारेकऱ्यासारखं बसायचं.

तर गव्हाणला घरी प्रितेश नव्हता, त्याची आजी गंगाबाई होती. नोटिशीत लिहिलं होतं, 'कु. अनुया हिच्या बॅगेत आक्षेपार्ह वस्तू ठेवून'. म्हातारीला आक्षेपार्ह वस्तू कळली नाही, पण अनुया हे नाव कळलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"तीच ना रं नोटसवाली पोर? पोराचा बापूस दवाखान्यान होता तवा तीन आठवडे रोज सांजचे फोटो पाठवाची. वर्गान काय काय शिकवला त्याचे. ती नसती तर पोर नापासच व्हता. म्हनून मी सोडे दिले. दिवालीला ठेवलेले, मोठे मोठे निवडून."

कमळाकरच्या डोक्यात कपाट, मांजर आणि आक्षेपार्ह वस्तू एकदम जागेवर बसले.

"मावशे, मग हातात का नाय दिले त्यानं? चोरून का ठेवले?"

"हातान?" म्हातारी त्याच्याकडे अशी बघायला लागली की जणू त्याने चपला घालून देवघरात पाय ठेवला. "उपकाराचा वाटा हातान देतात व्हय? हातान दिला का फिटला. मग मानूस मोकला. आमच्या घरान न सांगता ठेवाचा, आनि कोनी ठेवला त्ये मरेपरयंत बोलाचा नाय."

"आनि ज्याला मिळाला त्याला कळलं नाय तर?"

"वास येतो की!"

आता कमळाकरची पंचाईत बघा. वाटेत एसटीत तो हाच विचार करत होता. शिपायाने नोटीस पोचवायची, घरातल्या गोष्टी समितीपुढे न्यायच्या नाहीत, हा नियम त्याने सव्वीस वर्षं पाळलेला. दुसऱ्या दिवशी त्याने प्रितेशलाच जिन्यात गाठला.

"अरे, उत्तरात खरं काय ते लिव."

"लिवलंय काका."

"काय लिवलंस?"

"पुडी मी ठेवली."

"एवढंच? का ठेवली, ते?"

पोराने मान हलवली. "ते नाय सांगाचं, काका."

कमळाकर कपाळाला हात लावून जिन्यातच उभा राहिला. चोरी करून नाही म्हणणारे त्याने शेकड्याने पाहिले होते. उपकार फेडून आरोपी व्हायला निघालेला हा पहिलाच. मग त्याने पोचवही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'नोटीस वाचून दाखवली. आजी गंगाबाई यांनी विचारले, पोरीला सोडे आवडले का. अंगठा घेतला.' आपल्याकडचं त्यात एक अक्षर घातलं नाही.

सुनावणीच्या दिवशी नियमाप्रमाणे अरुंधती मॅडमनी आधी नोटीस पोचली का ते तपासायला पोचवही मागितली. समितीचे सचिव चारुदत्त सर घड्याळ बघत होते. त्यांच्या मते कबुली लेखी होती, काम पाच मिनिटांचं. मॅडमनी रकाना वाचला. पुन्हा वाचला. मग दार उघडून म्हणाल्या, "कमळाकर, आत या."

सव्वीस वर्षांत त्या खोलीत तो चहा घेऊनच गेला होता. पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेला, तर हात कुठे ठेवावे ते कळेना.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो मॅडम."

"मॅडम, हे ऐकीव आहे," चारुदत्त सर म्हणाले. "शिपायाचा शेरा म्हणजे साक्ष नव्हे. आणि मुलाने कबूल केलंय."

"त्याने काय केलं ते कबूल केलंय. का केलं, ते उत्तरात लिहिलेलंच नाही. ऐकीव आहे म्हणता ना? मग जिने म्हटलं तिलाच बोलवू."

झालं, तारीख शुक्रवारवर गेली. गंगाबाईच्या नावाने साक्षीची नोटीस निघाली आणि ती घेऊन पुन्हा कमळाकरच गव्हाणला. म्हातारी आली ती नवी साडी नेसून, केसात अबोलीचा वळेसर घालून, जणू सोयरीक ठरवायला. दोघा मुलांची आणि सत्यजीतरावांची संमती घेऊन मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं. म्हातारीने वाट्याची रीत सांगितली. अनुया ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली,

"आजी, मला माहीत नव्हतं. पण सगळा वर्ग मला हसत होता. दहा दिवस."

गंगाबाईने नातवाकडे मान वळवली.

"हसले तवा तू कुठं होतास?"

"तिथंच."

"आनि बोल्ला नाय?"

"बोललो असतो तर वाटा मोडला असता, आये."

"वाटा गेला खाडीन! पोरीची अब्रू मोठी का तुजा वाटा? मेल्या, रीत मानसासाठी, का मानूस रीतीसाठी? आनि तिला चालत नाय त्ये आदी इचाराचं नाय का?"

प्रितेश उठला. कोणी सांगितलं नव्हतं तरी उठला. "अनुया, चुकलो. पुडी ठेवली ती नाय, गप बसलो ती चूक. वर्गात सांगीन सगळ्यांसमोर."

अनुयाने डोळे पुसले. "सांग. आणि ते नाक धरणारे असतील तेव्हाच सांग." मग आजीकडे बघून म्हणाली, "आमच्या घरी नाही चालत हो. पण मोठे मोठे निवडले होते ना? मी पाहिलं." सत्यजीतरावांनी खिडकीबाहेर बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबत होते.

निकाल लागला. गैरवर्तन नाही. प्रितेशला लेखी समज, दाखल्यावर नोंद नाही. नाव ठेवणाऱ्या पाच जणांना मात्र वेगळी नोटीस. सीलबंद पुडी म्हातारी घेऊन गेली आणि मांजर गेटपर्यंत पोचवायला गेलं.

पण चारुदत्त सर नियमाचे पक्के. वाईट माणूस नव्हे, पण रेघ म्हणजे रेघ. त्यांनी प्राचार्यांकडे लिहून दिलं की शिपायाने हद्द सोडली, उद्या कोणीही रकान्यात काहीही लिहील, आणि दर वेळी ते खरंच असेल असं नाही. हे म्हणणंही खोटं नव्हतं. प्राचार्यांनी कमळाकरचा खुलासा मागवला. ती नोटीस पोचवायची कोणी? शशिकलाबाईंनी हसत पोचवही पुढे केली. कमळाकर स्टुलावर बसला, स्वतःची नोटीस स्वतःला मोठ्याने वाचून दाखवली, सही केली, आणि सातव्या दिवसाची वाट न बघता तिथेच उत्तर लिहिलं. ते असं:

"मा. प्राचार्य साहेब, शेरा मी लिहिला हे खरे आहे. मुलाने नुसते 'मी ठेवली' लिहिले आणि कारण दिले नाही, म्हणून त्याची प्रशिक्षणाची जागा जायची वेळ आली होती. तसे मी करत नाही, कारण देतो. ती आजी ज्या गोष्टीला देणे समजत होती तिलाच आपण गुन्हा समजत होतो, आणि हे दोन्ही ठिकाणी ऐकलेला माणूस मी एकटाच होतो. मी गप्प बसलो असतो तर नियम पाळला गेला असता. पुन्हा असे झाले तर पुन्हा लिहीन, पण चारुदत्त सरांचे म्हणणेही बरोबर आहे, म्हणून तेव्हा आधी त्यांना दाखवीन. तरी पण शिक्षा द्यायची झाल्यास द्यावी, नोटीस मी स्वतः घेऊन येईन. आपला, कमळाकर, शिपाई."