विलासरावांची शेवटची बादली

माणूस गेल्याचं कळल्यावर काय बोलावं, याचे साधे नियम असतात आणि ते मला माहीतही आहेत. त्या शनिवारी सकाळी लेस्टरहून ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "मंजू, विलास गेला गं… झोपेतच," असं स्पीकरवर ऐकू आलं आणि तरीही स्लाऊच्या किचनमध्ये हातात टोस्ट धरून मी म्हणालो, "अहो, पण बिअर अजून बादलीतच आहे!"

मंजूनं माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. पलीकडून रडता रडता ताई म्हणाल्या, "आहे ना. आता तुम्हीच भरा ती बाटल्यांत."

विलासराव माझे साडू. भूल देणारे डॉक्टर. रिटायर झाल्यावर गराजमध्ये बिअर करायला लागले. फिकट, हलकी, धणे आणि संत्र्याची साल घातलेली, उन्हात बसून प्यावी अशी. सासुरवाडीत तोवर माझं बरं चाललं होतं. पण पहिल्याच बार्बेक्यूला मंजूनं, जिला बिअरचा वास सहन होत नाही, अख्खा ग्लास संपवला आणि विचारलं, "भाऊजी, अजून आहे?" लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मी केलेल्या कुठल्याच गोष्टीला तिनं 'अजून आहे?' म्हटलेलं मला आठवेना. पुढच्या आठवड्यात मी बिअर आंबवायची बादली विकत आणली.

माझ्या बिअरला बँडेजचा वास यायचा. दर वेळी. विलासरावांनी कृती स्वतः लिहून दिली होती, मी ती ग्रॅमपर्यंत पाळायचो, तरी बँडेज. ते मात्र माझा ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचे आणि ओठ पुसत म्हणायचे, "यंदा फेस छान आलाय हं, सतीशराव." त्या चांगुलपणाचाच मला जास्त राग यायचा. त्या कागदावरून त्यांनी एक काहीतरी मुद्दाम गाळलंय, अशी सहा वर्षं माझी खात्री होती. त्यातून मला झाकण उघडून बघायची सवय. "पेशंट झोपला की हलवायचा नसतो," म्हणत त्यांनी आपल्या बादलीवर पट्टी चिकटवली: 'उघडू नये'. त्या घरात ती उघडणारा दुसरा कोणी नव्हता.

अंत्यविधीनंतर मी गराजमध्ये गेलो. डॉक्टरला न शोभणारं ते सुवाच्य अक्षर… पट्टी काढवेना, म्हणून दुसऱ्या बाजूनं झाकण सैल केलं. धण्यांचा, संत्र्याचा वास आला. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मत्सर वाटला. गेल्यावरसुद्धा यांचीच चांगली!

ताई शेजारी बाटल्या धूत होत्या. शेवटी विचारलंच, "ताई, ते नक्की काय जास्तीचं घालायचे?"

"घालायचा काही नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवायचा. क्लोरीन जावं म्हणून, नाहीतर बिअरला बँडेजचा वास येतो."

"हे कागदावर नाहीये."

"तोंडी सांगितलं होतं की त्यानं, माझ्यासमोर. तुम्ही तेव्हा त्याला बिअर कशी करतात ते समजावत होतात."

मग मी बाटल्या भरायला घेतल्या. बाटलीत अर्धा चमचा साखर, वर बिअर, वर बूच. असं चाळीस वेळा. बिघडली असती तर ती त्यांची शेवटची राहिली नसती, माझी ठरली असती.

महिन्यानं त्यांच्याच बागेत सगळे जमलो. बाटल्या फुसफुसत उघडल्या. "अगदी विलासची!" कोणीतरी म्हणालं. ताईंनी ग्लास दोन्ही हातांत धरून डोळे मिटले… मंजूनं दुसऱ्यांदा भरून घेतला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मीही प्यायलो. बँडेज नव्हतं.

परतताना मागच्या सीटवर रिकामी बादली होती, ताईंनीच दिली. पट्टी तशीच. मंजूनं तिला सीटबेल्टही लावला होता. बराच वेळ दम धरून मी विचारलं, "बाटल्या मी भरल्या, हे सांगितलंस का कुणाला?"

"सगळ्यांना सांगितलं," मंजू म्हणाली. "कुणाला खरं वाटलंच नाही… म्हणजे नीट भरल्यास तू."